घेतली म्हणण्याआधी

शांताराम उतेकर गेला, ही बातमी महाडच्या बाजारपेठेत पोचवायला मला अर्धा दिवस लागला. सकाळी साडेनवाला मी न्हाव्याच्या खुर्चीत होतो. एक गाल झालेला, दुसऱ्यावर साबण. आमच्या कारखान्याचा वॉचमन सकपाळ सायकल दारात आडवी टाकून आत आला आणि म्हणाला, "नाना, शांताराम गेला. पहाटे, घरीच. छातीत कळ आली, गाडी येईपर्यंत आटपलं." मी तसाच उठलो. बाहेर पहिला भेटला तो वह्या-पेनांच्या दुकानाचा मालक. त्याला म्हटलं, "शांताराम उतेकर गेला रे." तो म्हणाला, "कुठं, महाबळेश्वरला?" मी म्हटलं, "वारला." तर तो माझ्या गालावरच्या साबणाकडे बघून हसला. "नाना, सकाळी सकाळी थापा नकोत. गिऱ्हाईक उभं आहे." पुढे डेपोसमोरच्या चहावाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "मागच्या वर्षी तुम्ही मलापण मारला होता की! माझ्या बायकोनं ऐकलं असतं म्हणजे?" शेवटी सकपाळला बरोबर घेऊन फिरलो. मी बातमी सांगायची आणि त्याने मान हलवायची. मग लोकांचे चेहरे पडायचे.

यात लोकांची काही चूक नाही. सावित्रीतली मगर पुराच्या पाण्याबरोबर आमच्या ओट्यावर आली आणि आमच्या आईने तिला पाट समजून वर बसून दोन जुड्या मेथी निवडली, हे या गावाला मीच सांगितलेलं आहे. सवच्या गरम कुंडात एका डुबकीत आमच्या मामांचं टक्कल पिकून त्याला केस आले, हेही मीच. मामांना केस होतेच, पण ते गावाने मागाहून पाहिलं. तेव्हा आधीच सांगून ठेवतो की पुढे जे लिहिलं आहे त्यात दोन-तीन ठिकाणी माझा हात सैल सुटेल, ते तुम्हाला कळेलच. मात्र एक गोष्ट यात आहे ती मी आजवर कधीच खरी सांगितली नव्हती. तेवढ्यासाठीच हा लेख.

शांताराम पोलादपूरच्या वरच्या अंगाचा. आंबेनळी घाट चढायला लागलं की डाव्या हाताला एक वाट उतरते, त्या वाटेवरच्या वाडीतला. आयटीआय करून मुंबईला गेला, सात वर्षं संगणक दुरुस्तीच्या दुकानात काढली आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी, महाडच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या औषधांच्या कारखान्यात संगणकांच्या वायरी टाकायला कंत्राटावर आला. मी खरेदी विभागात. त्याला लागणारं प्रत्येक सामान माझ्या सहीने यायचं, म्हणून ओळख झाली. पहिल्याच दिवशी त्याने मागणीच्या कागदावर लिहिलं होतं : "वायर, चांगली." मी विचारलं, "अरे, चांगली म्हणजे कुठली?" तो म्हणाला, "जी मला परत टाकायला लागणार नाय ती." बोलणं असं मोजकं. मुंबईहून त्याने दोनच गोष्टी आणल्या होत्या, हातातलं कसब आणि 'टेन्शन नाय लेने का' हे वाक्य. दुसरी तो फक्त साहेबांसमोर वापरायचा.

हळूहळू सगळा कारखाना संगणकावर गेला. औषधाची प्रत्येक बॅच कधी चढली, किती तापली, कोणी तपासली, याची नोंद मिनिटामिनिटाला कुठेतरी जाऊन साठायची. ते 'कुठेतरी' म्हणजे मशीन रूममधलं एक काळं कपाट, पुरुषभर उंचीचं. त्याला सगळे स्टोरेज म्हणायचे. ती खोली एवढी थंड की मी एकदा दारातून चहा घेऊन आत गेलो तर टेबलापाशी पोचेपर्यंत कपात कुल्फी झालेली. कपाटात खाली डिस्कांच्या रांगा आणि वर दोन कंट्रोलर. कुठली नोंद कुठे ठेवायची, कुणी मागितली तर कुठून काढून द्यायची, हे ते ठरवणार. एकाला आम्ही 'ए' म्हणायचो, दुसऱ्याला 'बी'. एरवी दोघांनी निम्मं निम्मं काम करायचं, आणि एकाला काही झालं तर दुसऱ्याने त्याचाही भार अंगावर घ्यायचा. या सोयीमुळे एकाच्या पोटातला सुटा भाग बदलायचा असेल तर कारखाना थांबवावा लागत नाही. आधी जोडीदाराला भार घ्यायला लावायचा, त्याने घेतला याची खात्री करायची, मगच आजारी कंट्रोलरची वीज काढायची. पुस्तकात हे चाळीस पानांत आहे. शांताराम ते चार शब्दांत सांगायचा, आणि ते चार शब्द मी पुस्तकाच्या आधी त्याच्या वाडीत ऐकले होते.

शिमग्याला तो मला घरी घेऊन गेला होता. त्यांची पालखी वाडीवाडीवरून फिरते. वाट अशी की एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला थेट खालच्या गावातली कौलं. खांदा बदलायची तिथली रीत ठरलेली. नवा माणूस आधी दांड्याखाली खांदा घालतो. जुना विचारतो, "घेतली?" नवा म्हणतो, "घेतली." मग जुना विचारतो, "सोडू?" नवा म्हणतो, "सोड." एवढं झाल्याशिवाय जुना जागचा हलत नाही, मग पाय लटपटत असले तरी. मी शहरगावचा माणूस, हौसेने पुढे झालो. ती पालखी एसटीच्या गाडीएवढी जड होती आणि गाडीत पासिंजरही होते, असं मी महाडला परतल्यावर सांगितलं. खरं म्हणजे ओझं बेताचंच होतं, पण खांदा घालायच्या आधीच मी उत्साहात "घेतली!" म्हणून ओरडलो होतो. ज्याचा खांदा मी घेणार होतो तो म्हातारा जागचा ढिम्म हलला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला, "वजन आलं का खांद्यावर? मग कशाला बोंबलतोस रे?" सगळी वाडी हसली. शांताराम हसला नाही. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला, माझा खांदा दांड्याखाली नीट बसवला आणि म्हणाला, "आता बोल."

मला त्या वेळी ते देवाचं काम वाटलं होतं. शांतारामला ते कामाचं काम वाटायचं. मशीन रूममध्ये काहीही काढायचं-घालायचं असलं की तो दुसरा माणूस मागायचा. नोंदीचा पडदा एकच होता, तो 'बी'च्या बाजूला, कपाटाच्या पुढच्या अंगाला. 'ए'च्या वायरी मागच्या अंगाला. दोन्हीकडे एका माणसाला एका वेळी उभं राहता येत नाही. म्हणून पडद्यासमोर एक, मागे शांताराम. तो मागून विचारणार, "घेतली?" पुढच्याने पडदा वाचून सांगायचं, "घेतली." मग "सोडू?" आणि "सोड." साहेब लोक आधी हसले. पण त्याच्या हातून कधी काही बंद पडलं नाही, म्हणून हसायचे थांबले.

तो दिवस शनिवारचा, दुपारचे अडीच. 'ए'च्या पोटात एक लहान बॅटरी असते. अचानक वीज गेली तर डिस्कवर उतरायच्या राहिलेल्या नोंदी ती तेवढ्या वेळापुरत्या धरून ठेवते. ती बॅटरी म्हातारी झाली होती. मीच नवी मागवली होती आणि जुनी ताब्यात घेऊन कागदावर सही करायची म्हणून त्या खोलीत होतो. मुंबईचा इंजिनीअर येणार होता, पण वडखळच्या पुढे त्याची गाडी अडकली. आमचे व्यवस्थापक कामत साहेब खोलीत आले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "शांताराम, तू करशील?"

"करीन साहेब."

"बघ हं. नीट केलंस तर तुझं कायमचं पत्र मी पुढच्या महिन्यात काढतो. वरती सांगायला मला असं काहीतरी हवंच आहे."

कंत्राटाची माणसं दर अकरा महिन्यांनी घरी बसायची, मग पुन्हा बोलावलं तर यायची. शांतारामला पोलादपुरात भाड्याच्या दोन खोल्या होत्या, सहा महिन्यांची मुलगी होती. त्याने मला कितीदा सांगितलं होतं, "कायम झालो तर इथंच. नाय तर परत मुंबई, दुकानाच्या माळ्यावर झोपायला." साहेब गेल्यावर तो लगेच तयारीला लागला. आधी शर्टाला हात पुसले. त्या थंडीत.

त्याची तयारी बघण्यासारखी असायची. शंभर पानी वहीत यादी. आधी यंत्राला सांगून ठेवायचं की मी हात घालतोय, दोन तास बोंबलू नकोस. कारण काही बिघडलं की ते आपणहून कंपनीला कळवायचं आणि तिकडून फोन सुरू व्हायचे. मग मनगटाला पट्टा बांधायचा, त्याची वायर कपाटाच्या लोखंडाला. अंगातली वीज उतरली पाहिजे, नाहीतर नुसत्या बोटाने आतला भाग मरतो. मी म्हटलं, "माझ्या अंगात आळस आहे, तो उतरतो का बघ." तो म्हणाला, "त्याला जाड वायर लागंल." मग वायरींना खुणा. प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी, वर नंबर, डावीकडच्यांना लाल दोरा, उजवीकडच्यांना पांढरा. त्या चिठ्ठ्या एवढ्या होत्या की 'ए'ची पाठ नवसाच्या झाडासारखी दिसायला लागली. शेवटी त्याने पुढे येऊन 'बी'ला भार घ्यायचा हुकूम टाईप केला, दोन-तीन मिनिटं लागतील म्हणाला, मला खुर्चीत बसवलं, पडद्यावरची जागा बोटाने दाखवली आणि मागे गेला.

सकपाळ दारात उभा होता, बॅटरीच्या खोक्याची नोंद घ्यायला. आणि मी... मी त्याला मगरीची गोष्ट सांगायला लागलो. त्याने ती दहा वेळा ऐकली होती, तरी तो नेहमी अकराव्यांदा ऐकायचा, हा त्याचा दोष. आई मगरीवर बसली, मेथीची पहिली जुडी संपली, मगरीने एक डोळा उघडला... आणि मागून आवाज आला.

"नाना, घेतली?"

मी पडद्याकडे पाठ करून बसलो होतो. मगरीचा डोळा अजून उघडाच होता. मी म्हटलं, "घेतली!"

"सोडू?"

"सोड!"

त्या खोलीत पंख्यांचा एक सतत आवाज असतो, तो असताना ऐकू येत नाही. तो अर्धा झाला. मी वळलो. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ होती, ती नंतर मी इतक्या वेळा वाचली की पाठ आहे. जोडीदाराशी संपर्क नाही, भार घेता येत नाही, असं काहीसं. दोन कंट्रोलरांना जोडणारी एक वायर कधीपासून कोण जाणे ढिली बसली होती. 'बी'ने काही घेतलंच नव्हतं. शांतारामने खांदा काढून घेतला होता आणि खाली दुसरा खांदा नव्हता.

टेबलावरचा फोन वाजला, मग बाहेरचा, मग दोन्ही एकदम. शांताराम कपाटाच्या बाजूने पुढे आला, मनगटाचा पट्टा ताणून, कारण तो सोडायला वेळ नव्हता. पडदा वाचला. माझ्याकडे बघितलं. "घेतली म्हणालास ना रे?" एवढंच. त्याने उत्तराची वाट बघितली नाही. ढिली वायर शोधून दाबली, मागे जाऊन लाल दोरे, पांढरे दोरे बघत वीज परत दिली. डोळे मिटून दिली असती तरी चुकला नसता, इतक्या त्या खुणा चोख. मग वाट बघायची. यंत्र उठायला वेळ घेतं. मधल्या वेळात उतरायच्या राहिलेल्या नोंदी ज्या बॅटरीने धरून ठेवायच्या ती बॅटरी म्हणजे तीच म्हातारी, जिला काढायला आम्ही जमलो होतो. शांताराम कपाटाच्या मागे जमिनीवर बसून राहिला. चिठ्ठ्यांच्या जुडग्याखाली एक हिरवा दिवा लुकलुकत होता. जोडीदाराने भार घेतला की तो विझतो; आत काही उतरायचं राहिलं असेल तर लुकलुकत राहतो. त्याने चिठ्ठ्या हाताने बाजूला धरल्या आणि तो दिवा बघत बसला.

म्हातारीने धरलं. एकही नोंद गेली नाही. पण चाळीस मिनिटं नव्या नोंदी झाल्या नाहीत, आणि त्या चाळीस मिनिटांत एक बॅच भट्टीवर होती. औषधाच्या धंद्यात ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही असं धरतात. औषध चांगलं होतं, पण ते चांगलं होतं याचा कागद नव्हता. अख्खी बॅच टाकून दिली.

कामत साहेब संध्याकाळी खोलीत आले. ओरडले नाहीत. विचारलं, "पडदा कोण बघत होतं?"

इथे मी थांबतो जरा... दिवसभर न थांबणारं हे माझं तोंड. मगरीला बोलतं करणारं. ते त्या वेळी उघडलं नाही. मी असं म्हणत नाही की मी बोलणारच होतो आणि शांतारामने मला अडवलं. मला वेळ होता. चांगला दहा आकडे मोजण्याएवढा वेळ होता.

"मीच साहेब," शांताराम म्हणाला. "मागचा दिवा बघायचा राहिला. माझ्याच चिठ्ठ्यांखाली झाकला होता."

दिव्याचं खोटं नव्हतं. खरं त्यात अर्धं होतं, आणि माझं अर्धं त्याने आपल्यात मिळवून टाकलं. पुढच्या महिन्यात पत्र आलं नाही. अकरा महिने भरले तेव्हा कंत्राटही पुढे गेलं नाही. तो मुंबईला गेला, त्याच दुकानाच्या माळ्यावर. मी एसटीवर सोडायला गेलो होतो. त्याने मला खिडकीतून सांगितलं, "जुन्या बॅटरीच्या कागदावर सही कर, राहिलीय."

दोन वर्षं तो तिकडे होता. महिना-दोन महिन्यांनी यायचा. त्याची मुलगी त्या काळात रांगली, चालली, बोलायला लागली. एकदा तो दारात आला तर ती आईला म्हणाली, "आई, काका आलेत." हे मला शांतारामने सांगितलं नाही, वहिनींनी सांगितलं, हसत हसत. मीही हसलो. माझ्यावर वेळ आली की मी हसतो.

या दोन वर्षांत मी काय केलं? गोष्ट केली. गाव विचारायचं, शांतारामला का काढला? मी सांगायचो, अहो, नाग! मशीन रूमच्या थंडीला कंटाळलेला नाग कंट्रोलरच्या उबेला येऊन बसला, फणा काढला, शांतारामने जिवाची पर्वा न करता दोन्ही हातांनी वायरी उपटल्या, नागाला असा झटका बसला की तो आजही वाकडा चालतो, सवच्या रस्त्याला दिसतो कधी कधी. लोक खूश. शांताराम शूर ठरायचा. मी त्याला मोठं करतोय, असं मी स्वतःला सांगायचो. सुट्टीत आला की तोही ऐकायचा, चहा पीत, खाली बघत. एकदाच म्हणाला, सगळे गेल्यावर. "नाना, तुझ्या सगळ्या गोष्टींत तू असतोस. या गोष्टीत तू कुठं रे होतास?"

पुढे कामत साहेबांनीच त्याला परत बोलावलं. मधल्या काळात येऊन गेलेले तिघेही पुस्तकाची चाळीस पानं वाचलेले होते, तरी यंत्र दर दोन-तीन महिन्यांनी झोपायचं. या वेळी कायमचं पत्र पहिल्याच दिवशी दिलं. त्या रविवारी आम्ही दोघं सवला गेलो, गरम पाण्यात बसायला. त्याचे गुडघे माळ्यावरच्या शिडीने धरले होते. कुंडात गळ्यापर्यंत बसलो होतो. मी सुरुवात केली, "शांताराम, त्या दिवशी मी..."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. पाण्याखाली गुडघे चोळत राहिला. मग म्हणाला, "दुसरा कोण असता ना, तर मी पुढं येऊन स्वतः बघितलं असतं. तुझ्यावर सोडली. तू एवढं खोटं बोलतोस, पण कामात कधी बोलला नव्हतास."

मी पाण्याखाली तोंड घातलं. गरम पाण्यात एक बरं असतं, डोळे लाल झाले तरी कोणी विचारत नाही.

वर आलो तर तो अंग पुसत होता. "पुढच्या टायमाला बघून सांग. बस." आणि पुढच्या वेळीही त्याने मलाच बोलावलं. मी खरेदीतला माणूस, मशीन रूमशी माझा संबंध काय? तरी दर वेळी, पंखा बदलायचा असो, मेमरी असो, तो म्हणायचा, "नानाला बोलवा." खुर्चीत बसलो तर समोर, पडद्याच्या वरच्या कडेला, त्याच्या अक्षरातली एक चिठ्ठी चिकटवलेली. लाल दोऱ्यासकट. 'बघून सांगणे.' सगळ्यांना वाटायचं ती खोलीची शिस्त आहे. पुढे वेगवेगळ्या माणसांनी ती वाचली आणि पाळली. पण ती लिहिली होती एकाच माणसासाठी.

तो गेला त्या दिवशी आम्ही त्याला त्याच्या वाडीत नेलं. त्याची इच्छा होती. शिमग्याचीच वाट, खालच्या गावातली तीच कौलं. मध्ये खांदा बदलायची वेळ आली. मी पुढे झालो, दांड्याखाली खांदा घातला. ज्याचा खांदा मी घेणार होतो तो वाडीतला तरणा माणूस. तो हळू आवाजात म्हणाला, "घेतला?" मी नुसती मान हलवली. तो सोडेना. त्या अरुंद वाटेवर दांड्याच्या एकाच टोकाला आम्ही दोघं खांदा देऊन वीस-पंचवीस पावलं चाललो, एकमेकांच्या पायात पाय घालत. शेवटी मी म्हटलं, "घेतला." मग तो बाजूला झाला.

तेराव्याला मी वहिनींना सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. स्वयंपाकघराच्या दारात बसलो. म्हटलं, "वहिनी, तुम्हाला एक सांगायचंय. ते दोन वर्षांचं मुंबईचं. त्यात शांतारामची चूक नव्हती. पडद्यासमोर मी होतो. मी न बघता घेतली म्हटलं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो." वहिनींनी माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं. "भावजी, तुम्ही पण ना. आज कशाला त्यांची चूक आपल्या अंगावर घेताय? ते मला खरं बोलले होते. दिवा बघायचा राहिला त्यांचा." मी शपथ घातली. त्या म्हणाल्या, "बरं, असू दे." आणि मुलीला हाक मारली, "गो, नानाकाकांना चहा दे. अन् त्यांना ती नागाची गोष्ट सांगायला सांग, बाबांना आवडायची."

मुलगी समोर येऊन बसली. आता नववीत आहे. मी तिला नाग सांगितला नाही. म्हटलं, "विसरलो." तिनेही माझ्यावर विश्वास ठेवला नाही.

लिहिलेलं तरी लोक खरं मानतात, असा माझा समज आहे, म्हणून हे लिहिलं. त्या घरी हा कागद मी नेऊन देणार आहे.

गेल्या आठवड्यात 'ए'चा एक पंखा कुरकुरायला लागला. मशीन रूम आता प्राचीकडे आहे. चिपळूणची मुलगी, शांतारामच्या हाताखाली दोन वर्षं शिकली. तिने नवा पंखा आणला, मनगटाला पट्टा बांधला, वायरींना दोरे बांधले. चिठ्ठ्या मात्र दिव्याच्या वरच्या बाजूला, हेही त्याने शिकवलेलं. हुकूम टाईप करून मला खुर्चीत बसवलं आणि मागे गेली. मी खुर्ची पडद्याकडे वळवली. चिठ्ठीचा कागद पिवळा पडलाय, दोऱ्याचा लाल रंग गेलाय, अक्षर आहे तसं आहे. दारात सकपाळ उभा होता. त्याला वाटलं मी काहीतरी सुरू करीन. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"नाना, घेतली?"

मी ओळ वाचली. मग पहिल्यापासून परत वाचली, एकेका शब्दावर बोट ठेवून.

"नाना?"

"थांब," मी म्हटलं. तिसऱ्यांदा वाचली. 'बी'ने 'ए'चा सगळा भार घेतला होता, तसं तिथे लिहिलंच होतं. "घेतली."

"सोडू?"

चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्याने थोडी हलत होती. प्राची मागे थांबली होती. त्याने तिला तसंच शिकवलं आहे, शब्द आल्याशिवाय हलायचं नाही, कितीही वेळ लागला तरी.